१९६४ च्या कॅडिलॅकला कंपनीचाच क्रूझ कंट्रोल बसवला, त्या कामाची सगळी हकीकत

ऑक्टोबरात काका पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शीच्या बाजारातून परत आले ते मागच्या सीटवर एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊनच. हर्शीला दरवर्षी ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा आणि पार्टांचा प्रचंड मोठा बाजार भरतो, आमच्या डेट्रॉइटच्या भागातून आठ-नऊ तासांचा रस्ता आहे, आणि काका दोन दिवस चिखलात फिरून तिथून जे आणतात त्यातलं निम्मं पुढच्या वर्षी तसंच माळ्यावर असतं. पण या खोक्याचं तसं नव्हतं. मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "अरे, मिळालं मला ते. संध्याकाळी ये, येताना मल्टीमीटर आण."

गाडी म्हणजे काकांची १९६४ ची कॅडिलॅक कूप डी व्हिल. मागच्या मडगार्डांवरची ती शेपटाची पाती कॅडिलॅकला शेवटची याच वर्षी होती, पुढच्या वर्षी गेली. ४२९ क्युबिक इंचाचं म्हणजे सात लिटरचं व्ही-आठ इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, आणि त्याच वर्षी नवीन आलेला टर्बो हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डेट्रॉइटमधल्या क्लार्क स्ट्रीटवर कॅडिलॅकचा मुख्य कारखाना होता, १९८७ मध्ये बंद झाला. काका १९६९ मध्ये इथे आले, लहानपण किर्लोस्करवाडीत गेलेलं, वडील लेथवर, आणि इथे टूल डिझाइनमध्ये नोकरी. पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर उभं असताना समोरून अशी एक गाडी रोज जायची, तेव्हापासूनचं वेड आहे. घेतली मात्र रिटायर झाल्यावर.

आता गंमत अशी की १९६४ हे कॅडिलॅकच्या ॲक्सेसरींचं फार मोठं वर्ष. तापमान एकदा लावलं की गरम-गार स्वतः सांभाळणारा कम्फर्ट कंट्रोल त्या वर्षी आला, अंधार पडला की हेडलाइट आपोआप लावणारा ट्वायलाइट सेंटिनेल त्याच वर्षी आला, समोरून गाडी आली की हाय बीम स्वतःच खाली करणारा गाइड-मॅटिक आधीपासून होताच, आणि लावलेला वेग ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल तर १९५९ पासून मिळत होता. पण हे सगळं जादाचे पैसे देऊन. काकांच्या गाडीच्या पहिल्या मालकाने बहुतेक हात राखून खर्च केलेला, यातलं एकही घेतलेलं नाही. काकांची मुलगी शिकागोला, इथून साधारण २८० मैल, सगळा आय-९४ चा सरळ रस्ता, आणि दीड तासानंतर काकांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो. म्हणून क्रूझ कंट्रोल पाहिजे होता, शोभेसाठी नाही.

मी आधी स्पष्ट सांगितलं होतं की काका, बाजारात कुठल्याही जुन्या गाडीला बसणारे इलेक्ट्रॉनिक किट मिळतात, एक मोटर, एक छोटा कंट्रोलर, दोन शनिवारांत काम होईल आणि जास्त भरवशाचं होईल. हे माझं आजही मत आहे, रोज चालवायची गाडी असेल तर तेच करा. पण काकांचं म्हणणं होतं की डॅशवर त्या वर्षीचाच डायल हवा आणि बॉनेट उघडलं की त्या वर्षीचंच यंत्र दिसलं पाहिजे. आणि त्या यंत्राबद्दल त्यांना आणखी एक ओढ होती, ती सांगतो कारण पुढे कामात तिचा संबंध येतो.

हे यंत्र राल्फ टीटर नावाच्या माणसाने काढलं. इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउन गावचा, जन्म १८९०, आणि वयाच्या पाचव्या वर्षापासून पूर्ण आंधळा. तरी मेकॅनिकल इंजिनिअर झाला, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या पर्फेक्ट सर्कल कंपनीचा पुढे प्रेसिडेंट झाला, १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष होता. त्याची गोष्ट अशी सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा, बाजूला बसलेल्या टीटरला ते धक्के सहन व्हायचे नाहीत. डोळ्यांनी रस्ता न बघणाऱ्या माणसाला वेगातला फरक अंगाला किती लागत असेल बघा. १९५० मध्ये पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरने इंपीरियलसारख्या गाड्यांत ऑटो-पायलट म्हणून दिलं, पुढच्या वर्षी कॅडिलॅकने क्रूझ कंट्रोल या नावाने, आणि तेच नाव सगळ्या जगात राहिलं. सुरुवातीला याला प्रेसोमॅटिक, टचोमॅटिक अशी नावं होती, आणि ती अगदी बरोबर होती, कारण मूळ कल्पनाच स्पर्शाची आहे. डायलवर वेग लावायचा, गाडी त्या वेगाला पोचली की ॲक्सिलरेटरचं पेडल खालून पायाला हळूच वर ढकलतं, म्हणजे बाबा इथवर, आता पुढे नको. काटा बघायची गरज नाही. नंतर त्यात पेडल तिथेच धरून ठेवायची सोय आली. काकांना यातलं पायाला ढकलणं फार आवडलेलं.

बरं, खोकं उघडलं. वेग सांभाळणारा रेग्युलेटर होता, डॅशचा डायल आणि त्याची तार होती, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या दांड्या होत्या, स्पीडोमीटरच्या दोन केबली होत्या. रेग्युलेटर गाडीला बसवायचं ब्रॅकेट नव्हतं. विकणाऱ्याने सगळं आहे म्हणून सांगितलेलं, असो, पत्र्याचं काम आम्हाला येतं.

पण काकांना मी म्हटलं, आधी हे बाजूला ठेवा, गाडीत आत्ता काय काय बिघडलंय ते बघू. कारण गाडीची बॅटरी उभ्या उभ्या आठवड्यात झोपायची, काका दर रविवारी चार्जर लावायचे आणि म्हणायचे जुन्या गाडीचं असंच असतं. नाही हो, असं नसतं. उतरत्या बॅटरीच्या वायरिंगवर नवीन ॲक्सेसरी बसवली की मग दोष नव्याचा की जुन्याचा ते कळायला मार्गच राहत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावला, दार बंद, दाराचा दिवा विझलाय ना ते बघितलं, तरी ३५० मिलीॲम्प जात होते. सगळं बंद असताना एवढा करंट म्हणजे दिवसाला आठ ॲम्प-अवर उगाच जातायत, ७० ॲम्प-अवरची बॅटरी आठवडाभर तरी कशी टिकणार. एकेक फ्यूज काढत गेलो तर घड्याळाच्या फ्यूजवर मीटर खाली आला. घड्याळ तर बंद पडलेलं! मग डॅशखाली डोकं घालून टॉर्चने बघितलं तर घड्याळाच्या वायरीला चिमट्याचा जॉइंट मारून कुणीतरी एक लाल वायर डिक्कीपर्यंत नेलेली, कार्पेटखालून, आणि तिथे मागच्या मालकांपैकी कुणीतरी लावलेला एक जुना म्युझिक ॲम्प्लिफायर, ज्याला आता स्पीकरसुद्धा जोडलेले नव्हते. तो गेली कित्येक वर्षं कुणासाठी न वाजता करंट पीत बसलेला.

आता यात घड्याळ का मेलं ते समजून घेण्यासारखं आहे. त्या काळची गाडीतली घड्याळं नुसती विजेवर चालत नाहीत, आत छोटी स्प्रिंग असते, ती दोनेक मिनिटं चालते, उतरली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, इलेक्ट्रोमॅग्नेट एक झटका देऊन स्प्रिंग पुन्हा ताणतो आणि पॉइंट सुटतात. शांत गाडीत बसलं की मधूनच टक् असा आवाज येतो तो हा. बॅटरी उतरलेली असली की झटक्यात जोर नसतो, स्प्रिंग ताणली जात नाही, पॉइंट टेकलेलेच राहतात, तापतात आणि जळतात. म्हणजे ॲम्प्लिफायरने बॅटरी खाल्ली आणि उतरलेल्या बॅटरीने घड्याळ खाल्लं. काकांनी घड्याळ उघडून पॉइंट घासले, कॉइल शाबूत निघाली हे नशीब, घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब दिलं. लाल वायर मुळापासून काढली. मग मीटर शून्यावर, आणि दोन मिनिटांनी काटा एकदा उसळला आणि डॅशमधून टक् आलं. काकू गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी विचारलं काय झालं, काका म्हणाले, "जिवंत झालं."

याच भरात आणखी एक गोष्ट तपासली जी मी प्रत्येकाला सांगेन, इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ते रबरी आधार. क्रूझ कंट्रोल म्हणजे पाय नसताना थ्रॉटल, म्हणजे कार्ब्युरेटरची इंजिनला हवा-पेट्रोल सोडणारी झडप, ओढून धरणारं यंत्र. माउंटचं रबर तुटलं असेल तर जोर दिल्यावर इंजिन एका बाजूने उचललं जातं आणि थ्रॉटलच्या दांड्या स्वतःच ओढल्या जाऊ शकतात. ही काही पुस्तकी भीती नाही, १९७१ च्या शेवटी जनरल मोटर्सला याच कारणासाठी शेवरलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आमचं डावं माउंट चिरलेलं निघालं. दोन्ही नवीन टाकली. मग कार्ब्युरेटरची रिटर्न स्प्रिंग बदलली, आणि थ्रॉटल कुठेही सोडला तरी खटकन बंद होतो का ते वीस वेळा बघितलं. ब्रेकचं समाधान एवढं की कॅडिलॅकने १९६२ पासूनच दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर दिलेला, एक फुटला तरी दुसरा राहतो, तरी होज सगळे नवीन केले.

डिसेंबरात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं, गाडी तशीही बाहेर काढायची नव्हती, म्हणून रेग्युलेटर टेबलवर घेतला. याचं आतलं काम थोडक्यात सांगतो. गिअरबॉक्समधून निघणारी स्पीडोमीटरची केबल आधी रेग्युलेटरमध्ये येते आणि तिथून दुसरी केबल स्पीडोमीटरला जाते. आत फिरणारी वजनं आहेत, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि एका स्प्रिंगला दाबतात. त्या स्प्रिंगचा ताण तुम्ही डॅशच्या डायलने ठरवता. दोघांच्या भांडणात मधला कॉन्टॅक्ट एकदा इकडे, एकदा तिकडे लागतो, आणि त्यावर एक छोटी मोटर सुलटी किंवा उलटी फिरते आणि स्क्रूवरून थ्रॉटलची दांडी पुढेमागे करते. पेडल धरून ठेवायचं काम इलेक्ट्रोमॅग्नेटचं, ब्रेकवर पाय पडला की त्याचा करंट तुटतो आणि सगळं सुटतं. ट्रान्झिस्टर एकही नाही. वजनं, स्प्रिंग, मोटर, चुंबक, बस.

उघडल्यावर ग्रीस चिक्कीसारखं कडक झालेलं. रॉकेलने धुतलं, मऊ ब्रशने, दोन वेळा. मोटरचे ब्रश अर्धे शिल्लक होते, ठेवले. कॉन्टॅक्टना पॉलिश पेपर लावायचा मोह होतो पण लावू नका, वरचा पातळ थर निघून जातो, मी जाड कार्डाची पट्टी क्लीनरमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये धरून ओढली, चार-पाच पट्ट्या काळ्या झाल्या, सहावी स्वच्छ आली.

मग टेबलवरच चाचणी. इथे एक आकडा फार उपयोगाचा आहे, अमेरिकन गाड्यांत स्पीडोमीटरची केबल साधारण एका मैलाला एक हजार फेरे फिरते. म्हणजे ताशी ६० मैलाला मिनिटाला बरोबर एक हजार. हँड ड्रिलला जुन्या केबलचा तुकडा लावला, आरपीएम मोजायचा छोटा मीटर घेतला, रेग्युलेटरला बारा व्होल्ट दिले, डायल ६० वर ठेवला. ९०० ला मोटर थ्रॉटल उघडायच्या दिशेने पळाली. वाढवत गेलो, हजारला थांबायला हवी होती, ती थांबली १०८० ला. म्हणजे डायल ६० म्हणतोय आणि गाडी ६५ ने गेली असती. डायलच्या तारेचा ॲडजस्टर अडीच फेरे फिरवला, मग हजाराच्या आसपास मोटर नुसती थरथरायला लागली, एक पाऊल इकडे, एक तिकडे. ती थरथर बघायला काकांनी काकूंनाही बोलावलं. साठ वर्षांचं यंत्र, आणि त्याला अजून ६० म्हणजे किती ते माहीत आहे.

ब्रॅकेट आम्ही केलं, पुठ्ठ्याचा साचा आधी, मग तीन मिलिमीटरचा पत्रा कापून, वाकवून, भोकं पाडून. काकांनी कडा इतक्या सुंदर घासल्या की मी त्याला व्यवस्थित काळा रंग मारला, दोन हात, ओव्हनमध्ये सुकवून. गाडीवर बसवलं, वायर जोडली, चावी फिरवली, आणि काहीच नाही. मोटर नाही, चुंबक नाही. टेबलवर चाललेलं यंत्र गाडीत मेलेलं. संध्याकाळभर मी वायरिंग डायग्रामवर बोट फिरवत बसलो, फ्यूज बघितला, डायलचा स्विच बघितला, फीड वायरवर १२.४ व्होल्ट व्यवस्थित येतायत. शेवटी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं रेग्युलेटरच्या अंगाला लावलं तर अकरा व्होल्ट! म्हणजे अंगाला अर्थिंगच नाही, करंटला बॅटरीकडे परत जायला वाटच नाही. या यंत्राची अर्थिंग त्याच्या ब्रॅकेटमधूनच जाते, वेगळी वायर नाही, आणि मी ब्रॅकेटवर दोन हात रंग मारून ती बंद केलेली. बोल्टच्या बुडाखालचा रंग खरवडून चकाकता पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, वरून थोडं ग्रीस म्हणजे गंज नको, आणि चावी फिरवल्याबरोबर चुंबकाचा टक् आवाज आला. जुन्या गाड्यांच्या ॲक्सेसरींमध्ये जेवढे दोष मी बघितलेत त्यात अर्थिंगचे सगळ्यात जास्त, आणि छान रंगवलेल्या गाड्यांत तर फारच, कारण रंगवणारा माणूस प्रेमाने सगळीकडे रंगवतो. मीही तेच केलं होतं.

केबलचं प्रकरण मात्र जास्त लांबलं. खोक्यातली खालची केबल जुन्या हायड्रामॅटिकच्या गाडीची निघाली, आमच्या गिअरबॉक्सला बसेना. १९६४ मध्ये कॅडिलॅकने सगळ्या मॉडेलना नवा गिअरबॉक्स दिला नव्हता, सीरीज ६२ ला जुनाच होता, त्यामुळे नुसतं "१९६४ चं" म्हणून पार्ट घेतला तर असं होतं. ती नवीन करून घेतली. वरची, रेग्युलेटर ते स्पीडोमीटर, खोक्यातलीच वापरली.

एप्रिलमध्ये चांगले दोन पाऊस पडून रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं तेव्हा गाडी बाहेर काढली. त्याआधी इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून, मी मीटर चुंबकाच्या वायरवर धरून बसलो आणि काकांनी ब्रेक पेडल हळूहळू दाबलं. करंट तुटायला पेडल जवळजवळ दीड इंच खाली जावं लागत होतं, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात झाल्यावर क्रूझ सुटणार, हे चालणार नाही, पाय नुसता टेकला की सुटलं पाहिजे. स्विचची जागा सरकवून पाव इंचावर आणलं. पन्नास वेळा दाबून बघितलं, पन्नास वेळा सुटलं. शिवाय त्या फीड वायरीचा फ्यूज मी डॅशखाली डाव्या हाताला असा लावला की काही झालं तर चालवता चालवता ओढून काढता येईल. कंपनीने असा दिला नव्हता, पण हा एक बदल मी काकांना न विचारता केला आणि करणारच होतो.

एम-१४ या हायवेवर सकाळी लवकर, गर्दी नव्हती. काका चालवत होते, डायल ५५ वर. पन्नासच्या पुढे गेल्यावर मी त्यांच्या बुटाकडे बघत होतो. बूट किंचित वर आला. काका काही बोलले नाहीत, पाय तसाच ठेवला, मग थोडा दाबला, परत वर आला. "ढकलतंय रे," एवढंच म्हणाले, पण आवाज बदललेला.

मग धरून ठेवायला लावलं आणि गाडीने झोके घ्यायला सुरुवात केली. ५२, ६०, ५२, ६०, झोपाळ्यावर बसल्यासारखं. आणि काटासुद्धा नीट फिरत नव्हता, थरथरत होता, अडकून मग एकदम उडी मारत होता. ब्रेकला पाय लावला, सुटलं, घरी आलो. मला पहिला संशय रेग्युलेटरच्या कॉन्टॅक्टवर आला आणि मी तो परत उघडायला निघालो होतो. काका म्हणाले, "थांब. टेबलवर बरोबर चालत होतं ना? मग टेबलवर नव्हतं असं गाडीत काय आहे?" केबल. टेबलवर आम्ही ड्रिलला वीतभर तुकडा लावला होता.

दोन्ही केबली काढल्या, आतल्या तारा ओढून बाहेर घेतल्या, पुसल्या. यांची जुनी परीक्षा आहे ती काकांनी दाखवली. तारेची दोन टोकं दोन हातांत धरायची, मधला भाग खाली लोंबू द्यायचा, आणि दोन्ही टोकं बोटांत हळूहळू एकाच दिशेने फिरवायची. सरळ तार असेल तर लोंबणारा फास शांत राहतो, नुसता जागच्या जागी फिरतो. कुठे मुरड पडलेली असेल तर फास एका बाजूला अडून राहतो आणि मग पटकन पलटी मारतो. नवी तार शांत राहिली. वरची जुनी फिरवली, ती अडली, आणि टपकन पलटली. प्रत्येक फेऱ्याला एकदा. मुरड मला डोळ्यांना दिसेना, टॉर्च मारून, चष्मा लावूनही दिसेना. काकांनी डोळे मिटले आणि तार अंगठा आणि तर्जनीत धरून एका टोकापासून हळूहळू ओढली, साधारण एक फुटावर थांबले. "इथे." नखाने खूण केली. मी तिथे पट्टी धरून बघितलं, केसाएवढा बाक. वडिलांनी शाफ्ट असाच बघायला शिकवला होता म्हणाले, डोळा फसवतो पण बोट फसवत नाही. मग स्वतःच म्हणाले, ते टीटरसाहेब असंच करत असतील. आणि खरंच, पहिल्या महायुद्धाच्या वेळी नौदलाच्या जहाजांच्या टर्बाइनचे रोटर बॅलन्स करण्याच्या कामात त्याच्या बोटांचाच उपयोग झाला होता.

त्या बाकामुळे होत काय होतं तर तार प्रत्येक फेऱ्यात अडून पीळ साठवायची आणि मग सोडून द्यायची. नुसता स्पीडोमीटर असता तर काटा थोडा थरथरला असता, लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात. पण वरची केबल रेग्युलेटरच्या अंगातूनच फिरते, तिचा झटका मागे वजनांना पण बसतो, रेग्युलेटरला वाटतं वेग वाढला, तो थ्रॉटल सोडतो, मग वाटतं कमी झाला, तो ओढतो, आणि दोन टनांहून जास्त वजनाची गाडी त्यामागे उशिरा उशिरा धावते. शिवाय बॉनेटखाली केबल नेताना मी एका ठिकाणी फार आखूड वळण दिलं होतं, तेही मोठं केलं. नवीन तार, अगदी पातळ हात ग्रीसचा, वरचे काही इंच कोरडे ठेवून, नाहीतर फिरता फिरता ग्रीस चढत स्पीडोमीटरच्या डोक्यात जातं आणि मग वेगळंच दुखणं सुरू होतं.

दुसऱ्या फेरीला झोके गेले. चढावर वेग दोन-तीन मैल कमी होतो, उतारावर दोन-तीन वाढतो, हे या यंत्राचं मूळचंच आहे, आजच्या गाडीसारखं घट्ट धरणार नाही. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी हे बसवू नये, पण मला ते सैल धरणंच आवडलं.

एक गोष्ट राहिली होती. मोबाइलच्या जीपीएसवर बघितलं तर काटा ६० दाखवत असताना गाडी ५७ ने जात होती. रेडियल टायर मूळच्या टायरपेक्षा अंगाने लहान आहेत, चाक जास्त फेरे घेतं, केबल जास्त फिरते. आधी कुणाला कळत नव्हतं कारण काटा थरथरतच होता. गिअरबॉक्समध्ये केबल फिरवणारी प्लास्टिकची छोटी गिअर असते, दात मोजले, ३८. हिशेब केला, ३८ गुणिले ६० भागिले ५७, बरोबर ४०. चाळीस दातांची मागवली, एका बोल्टचं काम, वीस मिनिटांत बदलली.

मे महिन्यात काका-काकू शिकागोला जाऊन आले. मी वाटेतल्या जॅक्सन शहरापर्यंत माझ्या गाडीने मागे मागे गेलो होतो, नुसता दिवे आणि धूर बघायला. रात्री पोचल्यावर काकांचा फोन आला. पोटरीत गोळा आला नाही, काटा आणि जीपीएस एक बोलतात, आणि घड्याळ टोल नाक्यापर्यंत बरोबर होतं, पुढे दोन मिनिटं मागे पडलं, ते आल्यावर बघू. मग म्हणाले की माळ्यावरच्या दुसऱ्या खोक्यात ट्वायलाइट सेंटिनेलचा फोटोसेल आहे, त्याच्यावर हात धरला तर मीटर हलतो की नाही ते तू तोवर बघून ठेव, किल्ली शेजारच्यांकडे दिली आहे.